‘दोन नंबरवर गार्ड ऐकू येत नाही’ : पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्नॅगची उकल

टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तक्रारवहीत, एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं अधूनमधून सापडतं : ‘व्हीएचएफ २ वर १२१.५ ऐकू येत नाही.’ म्हणजे विमानातल्या दोन नंबरच्या रेडिओवर आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, ‘गार्ड’, ऐकू येत नाही. कधी ‘गार्ड वीक’, तर कधी नुसतंच ‘नंबर टू रिसेप्शन पुअर’. विमान परत निघायच्या गडबडीत आम्ही लाईनवरची माणसं सेट तपासतो. टॉवर खणखणीत ऐकू येतो. खाली ‘ग्राउंड चेक सॅटिसफॅक्टरी’ लिहून सही होते आणि विमान जातं. काही दिवसांनी तेच विमान येतं आणि तीच तक्रार (आमच्या भाषेत स्नॅग) घेऊन येतं.

गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी मोपाच्या सड्यावर काय आणि दाभोळीला काय, हे रडगाणं सारखंच आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहितो आहे. हे लाईनवर नव्याने आलेल्या पोरांसाठी आहे, आणि उजव्या सीटवर नुकते बसायला लागलेल्या फर्स्ट ऑफिसरांसाठीही. किंबहुना त्यांच्यासाठीच जास्त, कारण या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा रेडिओच्या बॉक्समध्ये नसतं. ते असतं गार्डवरून दुसरीकडे जाऊन परत येण्याच्या सवयीत आणि आवाजाच्या बटणात. खरा बिघाडही कधीमधी निघतो, तो कसा ओळखायचा ते पुढे येईलच. पण बॉक्स काढायच्या आधी बटण बघा.

आधी एक गैरसमज

१२१.५ मेगाहर्ट्झ ही मुलकी विमानांची आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. तिच्यावर कान ठेवायचा, म्हणून तिला ‘गार्ड’ म्हणतात. समुद्रावरच्या लांब उड्डाणांत आणि नेमून दिलेल्या प्रदेशांत ती सतत ऐकत राहावी, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम आहे. दुसऱ्या चॅनलवर बोलणं चालू असेल, उपकरणाची मर्यादा असेल किंवा कॉकपिटमधल्या कामामुळे शक्यच नसेल, तेवढीच सूट. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर हा आग्रह आणखी कडक झाला.

गैरसमज असा, की गार्डसाठी विमानात काहीतरी वेगळं यंत्र असतं. लष्करी यूएचएफ सेटमध्ये तसं असू शकतं. त्यात गार्डचा वेगळा रिसीव्हर असतो आणि मुख्य चॅनल कुठलाही लावला तरी २४३.० मेगाहर्ट्झ पाठीमागे ऐकू येत राहते. दाभोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा, त्यामुळे तिथल्या लोकांशी गप्पा मारताना ही गोष्ट कानावर पडते आणि आपल्या विमानातही तसंच असेल असं वाटायला लागतं. तसं नसतं. आपल्या प्रवासी विमानात १२१.५ ही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली इतरांसारखीच एक फ्रिक्वेन्सी. तोच सेट, तोच अँटेना, तीच केबल, तोच हेडसेट. (२४३ हा १२१.५ चा बरोबर दुप्पट आकडा आहे. जुने आपत्कालीन ट्रान्समीटर दोन्हीवर ओरडायचे ते या सोयीमुळे.)

यातून निदानाचा पहिला धागा हाती लागतो. दोन नंबर सेटवर एटीस (विमानतळाची हवामानाची आणि धावपट्टीची सतत वाजणारी माहिती) स्वच्छ येत असेल, तर त्याच सेटवर गार्डही येणार. ‘बाकी सगळं ऐकू येतं, फक्त गार्ड नाही’ अशी तक्रार असली, की रेडिओवरचा संशय तिथेच निम्म्याहून जास्त उतरतो.

शांत चॅनलचा आवाज किती?

गार्डवर बहुतेक वेळ कोणीच बोलत नाही. कोणी बोलत नसताना स्क्वेल्च (खरखर अडवणारी झडप) मिटलेला असतो, त्यामुळे खरखरही येत नाही. म्हणजे बटण पूर्ण उघडं असलं तरी शांतता आणि पूर्ण बंद असलं तरी शांतताच. देवळातला भोंगा किती मोठा लावलाय ते आरती सुरू झाल्याशिवाय कळत नाही, तसं हे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मुंबई–गोवा हे जेमतेम तासाभराचं उड्डाण. निघताना दोन नंबरवर एटीस ऐकलं, मग गार्ड लावला. वर गेल्यावर कोणीतरी गार्डवर चुकून कंपनीचा कॉल केला, त्याला तिघांनी ‘ऑन गार्ड, ऑन गार्ड’ म्हणून झापलं. तेवढ्यात एक नंबरवर कंट्रोलरने लेव्हल सांगितली आणि ती या गोंधळात अर्धवट ऐकू आली. वैतागून दोन नंबरचा आवाज खाली ओढला. यात वावगं काही नाही, मीही तेच केलं असतं. पण तो परत वर करायची आठवण कोण करून देणार? चॅनल तर गप्पच आहे. पुढच्या क्रूने १२१.५ लागलेली बघितली आणि समाधान मानलं. मग शेजारच्या विमानाने सांगितलं, ‘तुम्हाला गार्डवर केव्हापासून हाक मारताहेत,’ की टेक लॉगमध्ये आमच्यासाठी एक ओळ तयार.

यावरचा उपाय पैसे न लागणारा आहे. दोन नंबरचा आवाज गार्डवर असताना ठरवायचाच नाही. एटीस चालू असताना, म्हणजे खरं बोलणं कानात येत असताना ठरवायचा. एक नंबरपेक्षा जरा खाली, पण शब्द समजतील इतका. मग १२१.५ वर परत या आणि बटणाला हात लावू नका. गोंगाटामुळे खाली केलाच, तर पुढचं एटीस ऐकताना तो आपोआप लक्षात येईल, कारण एटीसही पुटपुटल्यासारखं येईल. ज्या छोट्या ट्रेनर विमानांत स्क्वेल्च उघडायची सोय आहे, तिथे बटण ओढून खरखर ऐका आणि त्या खरखरीवर आवाज लावा. मोठ्या विमानांत पायलटच्या हाती सहसा ती सोय नसते.

ऑडिओ पॅनलवरही एक नजर टाका. एअरबसच्या पॅनलवर प्रत्येक सेटचं ऐकण्याचं बटण आत दाबलं की बंद, बाहेर आलं की चालू. बाहेरून बघता फरक अगदी थोडा. पॅनल पुसताना किंवा बॅग ठेवताना ते आत जातं. मग कॅप्टनला गार्ड येतो आणि फर्स्ट ऑफिसरला येत नाही, किंवा उलट. एकाला येतं आणि दुसऱ्याला नाही असं असेल, तर सेट, अँटेना, केबल या तिघांनाही सोडून द्या. दोष त्या एका बाजूच्या पॅनलमध्ये, जॅकमध्ये किंवा हेडसेटमध्ये आहे.

स्टँडबाय खिडकीत हरवलेली १२१.५

हे दुसरं नेहमीचं कारण, आणि माझ्या मते पहिल्याहून जास्त घातक. ट्यूनिंग पॅनलवर दोन खिडक्या असतात : एकीत चालू फ्रिक्वेन्सी, दुसरीत स्टँडबाय. मधली कळ दाबली की दोन्हींची अदलाबदल होते. दोन नंबरवर चालू १२१.५ आणि स्टँडबायला एटीस ठेवलं असेल, तर एकदा कळ दाबून एटीस ऐका, पुन्हा दाबा, गार्ड जागेवर. इथवर छान.

गडबड होते ती यानंतर. एटीस ऐकून झालं, गार्ड अजून स्टँडबायलाच आहे, आणि आता हँडलिंगवाल्यांना ‘व्हीलचेअर दोन, येतोय अमुक वाजता’ हे सांगायचं आहे. हात सवयीने स्टँडबायचा आकडा फिरवतो आणि १२१.५ पुसली जाते. कळ दाबली, बोलणं झालं, पुन्हा कळ दाबली, समोर एटीस. तेवढ्यात अप्रोच सुरू होतो, डाव्या हाताला समुद्र, समोर धावपट्टी, गार्ड कोणाच्या डोक्यात? विमान पार्क होईपर्यंत दोन नंबर एटीसच सांगत बसतो. पुढचा क्रू येतो, निघतो, आणि वर गेल्यावर म्हणतो गार्ड ऐकू येत नाही. येणार कुठून?

म्हणून सवय एवढीच : १२१.५ स्टँडबायला असताना आकडे फिरवायचे नाहीत. आधी कळ दाबून ती चालू खिडकीत आणा, मग नवी फ्रिक्वेन्सी स्टँडबायला लावा. एक कळ जास्त दाबावी लागते, बाकी काही नाही. तीन नंबर सेट बहुतेक विमानांत डेटा मेसेजसाठी गुंतलेला असतो. त्यामुळे एटीस, कंपनी, हँडलिंग आणि गार्ड हा सगळा भार बिचाऱ्या दोन नंबरवरच पडतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानाचा जर्मनीवर संपर्क तुटला आणि जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याआधी ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत एक विमान तासाहून जास्त वेळ कोणाशी न बोलता मिनियापोलिस ओलांडून पुढे गेलं होतं. अशा वेळी कंट्रोलर जे मार्ग धरतात त्यात गार्डवरची हाक असते. लढाऊ विमान शेजारी आलंच, तर अडवलेल्या विमानाने त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करायचा तोही १२१.५ वरच.

संपर्क आपल्याच बाजूने तुटल्यासारखा वाटला, तर आधी आवाज आणि जॅक बघा. मग मागच्या सेक्टरच्या फ्रिक्वेन्सीवर परत जा, कारण बहुतेक वेळा हँडओव्हर (पुढच्या कंट्रोलरकडे जा असा निरोप) ऐकायचा राहिलेला असतो. तिथेही कोणी नसेल तर गार्डवर विचारा. काहीच नाही तर ट्रान्सपॉन्डरवर ७६००, म्हणजे ‘रेडिओ संपर्क तुटला’ असं रडारवर सांगणारा आकडा.

गार्डवर भलतंच बोललं जातं त्याचं काय?

ऐकण्याची निवड वेगळी आणि बोलण्याची वेगळी. ऑडिओ पॅनलवर बोलण्याची कळ दोन नंबरवर राहिली, समोर १२१.५, आणि ‘गोवा हँडलिंग, गुड आफ्टरनून’ साऱ्या कोकण किनाऱ्याला ऐकू जातं. माईक दाबण्याआधी कुठली कळ उजळली आहे ते बघणं, यापलीकडे याला औषध नाही.

मला जास्त त्रास होतो तो उत्तर देणाऱ्यांचा. चुकलेला माणूस तीन सेकंद बोलतो, त्याला शिकवणारे अर्धा मिनिट. अमेरिकेत तर गार्डवर मांजरासारखं म्याव करण्याची टूम आहे. अशा करमणुकीचा परिणाम एकच : लोक आवाज खाली ओढतात, आणि वर जी पहिली तक्रार सांगितली ती जन्माला येते. गार्डवर कोणी चुकलं तर गप्प राहा, त्याला उत्तर मिळालं नाही की त्याचं त्यालाच कळतं. आणि ‘रेडिओ चेक’ गार्डवर करायचा नाही. हे आमच्या लोकांनाही सांगतो, हँगरमध्येही नाही. सेट दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तपासा. वर सांगितल्याप्रमाणे तो तोच सेट आहे.

कधीकधी गार्डवर कोणाचंच बोलणं नाही, नुसती अखंड घरघर किंवा कोणाच्या तरी कॉकपिटमधल्या गप्पा. हा अडकलेला माईक. काही विमानांत अर्ध्या मिनिटाने टोन वाजून ट्रान्समिशन तुटतं, सगळ्यांत नाही. आपला तर नाही ना ते बघायला हँड माईक खाचेत नीट बसलाय का आणि साईडस्टिकवरची किंवा योकवरची कळ सुटलीये का, तेवढं तपासा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. विमानाचे रेडिओ एएम आहेत. दोघं एकदम बोलले की एकाने दुसऱ्याला पूर्ण झाकलं असं होत नाही, दोन्हींच्या मिश्रणाची किंचाळी ऐकू येते. म्हणजे निदान कोणीतरी दुसरं बोलतंय हे कळतं. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफमध्ये धुक्यात दोन जम्बो जेट धडकली आणि ५८३ माणसं गेली, त्याच्या काही क्षण आधी नेमकी अशीच किंचाळी एका कॉकपिटमध्ये ऐकू आली होती. महत्त्वाचे शब्द तिच्याखाली गेले. गार्डवर किंचाळी आली तर ‘खराब सेट’ असं लिहू नका, तिथे दोन माणसं आहेत.

उतरता सूर

गार्डवर वरून खाली घसरणारा, पुन्हा पुन्हा येणारा सूर ऐकू आला तर तो इंटरफेरन्स समजून आवाज बंद करू नका. तो ईएलटीचा, म्हणजे विमानातल्या आपत्कालीन ट्रान्समीटरचा असू शकतो, किंवा जहाजावरच्या त्याच जातीच्या बीकनचा. आपल्या खाली मुरगाव बंदर आहे हे विसरू नका. १ फेब्रुवारी २००९ पासून कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांनी १२१.५ चे संकेत टिपणं बंद केलं. आता उपग्रह फक्त ४०६ मेगाहर्ट्झ ऐकतात. या यंत्रणेचं आपल्याकडचं मुख्य केंद्र बंगळूरला इस्रोकडे आहे. नवे ट्रान्समीटर ४०६ वर आपली ओळख पाठवतात आणि १२१.५ वर अगदी कमी शक्तीचा सूर लावतात. तो जवळ आलेल्या शोधपथकाला दिशा दाखवण्यासाठी असतो. जुना, नुसताच १२१.५ वाला कुठे वाजला तर तो आकाशातल्या आणि जमिनीवरच्या कानांनाच ऐकू येणार.

त्यामुळे ऐकू आलं तर कंट्रोलला तीन ठिकाणं सांगा : पहिल्यांदा कुठे ऐकलं, सगळ्यात मोठं कुठे, आणि कुठे थांबलं. सोबत उंचीही. तेवढ्यावर शोधणाऱ्यांचं वर्तुळ बरंच लहान होतं. आणि सूर कुठेही गेलात तरी एकाच जोराचा राहिला, तर शंका आपल्याच विमानावर घ्या. जोरात टेकलेल्या लँडिंगनंतर किंवा कोणी स्विचला धक्का लावल्यावर असं होतं.

हँगरवाल्यांसाठी : ईएलटी तपासणीची वेळ परदेशी मॅन्युअलमध्ये तासाची पहिली पाच मिनिटं अशी दिलेली असते. तो तास युटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे ती वेळ साडेच्या ठोक्यानंतरची पाच मिनिटं. नऊ वाजता नव्हे, साडेनऊला. आणि तपासणी टेस्टच्या स्थितीतच, खरा ट्रान्समीटर चालू करून नाही.

हाक मारली, उत्तर नाही

ही तक्रार ट्रेनर विमानांच्या पोरांची. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं. पस्तीस हजार फुटांवरून क्षितिज सुमारे २३० नॉटिकल मैलांवर असतं, दोन हजार फुटांवरून फक्त ५५. सत्तरी तालुक्यात वाळपईच्या बाजूला कमी उंचीवर असाल आणि तुम्हाला ऐकू शकणारं स्टेशन सह्याद्रीच्या पलीकडे असेल, तर हजार मीटरची भिंत मध्ये उभी आहे. रेडिओ उत्तम असूनही उत्तर येणार नाही. मिळेल तेवढी उंची घ्या आणि परत बोला.

आणि इथेच त्या वरून जाणाऱ्या, गार्ड ऐकत बसलेल्या प्रवासी विमानाची किंमत कळते. जमिनीवरच्या कोणालाही ऐकू न येणारा आवाज त्याला ऐकू येतो आणि तो पुढे पोचवतो. दोन नंबरचा आवाज खाली असेल तर ही साखळी तिथेच तुटते.

एक मात्र लक्षात ठेवा : टॉवरशी किंवा अप्रोचशी आधीच बोलत असाल तर मेडे (आणीबाणीची हाक) तिथेच द्यायचा. आणीबाणी म्हणून मुद्दाम १२१.५ वर जायची गरज नाही, ऐकणारा माणूस हातात असताना त्याला सोडू नये.

खरा बिघाड असेल तर

आता आमची बाजू. बऱ्याच विमानांत, ए३२० मध्येही, दोन नंबरचा अँटेना पोटाखाली असतो. जमिनीवर असताना तो एप्रनला जवळजवळ टेकलेला आणि शेजारी ट्रॉल्या, जीपीयू (उभ्या विमानाला वीज देणारी गाडी), बस. उभ्या विमानात दोन नंबर एक नंबरपेक्षा कमकुवत वाटला तर तो दोष नव्हे. उलट बाजूही आहे : जमिनीवर टॉवर इतका जवळ असतो की अर्धमेला रिसीव्हरही त्याला खणखणीत ऐकवतो. आमचा ‘ग्राउंड चेक सॅटिसफॅक्टरी’ इथेच फसवतो.

खरी कसोटी वर होते. क्रूजला असताना एक आणि दोन दोन्ही सेटवर एकाच दूरच्या विमानतळाचं एटीस लावा (कंट्रोलशी बोलणं नसेल तेव्हा, आणि दुसऱ्या पायलटला सांगून), आणि एकामागून एक ऐका. दोन्हीवर सारखं असेल तर सेट ठीक आहे, वर सांगितलेली बटणं बघा. दोनवर स्पष्टपणे कमी असेल तर तक्रार खरी आहे.

मग खाली आम्ही एक आणि दोनचे ट्रान्सीव्हर (रेडिओचे बॉक्स) अदलाबदल करतो. दोष बॉक्सबरोबर एक नंबरवर गेला तर बॉक्स खराब. दोनवरच राहिला तर अँटेना, कोॲक्स केबल किंवा कनेक्टर. आणि गोव्यात माझा पहिला संशय कायम कनेक्टरवर असतो. खारी हवा, जूनपासूनचा पाऊस, पोटाखाली साचणारं पाणी आणि हायड्रॉलिक तेलाचा थर. अँटेनाच्या बुडाचं सीलंट जरा उघडलं की ओल आत जाते आणि कनेक्टरवर हिरवा थर धरतो. कोरड्या दिवशी तक्रार गायब, पावसात परत. ‘पुन्हा पुन्हा येणाऱ्या’ खऱ्या स्नॅगचं हे खास लक्षण. नुसतं पुसून भागत नाही. अँटेना काढा, बूड आणि बाँडिंग (विमानाच्या धातूशी असलेला विद्युत जोड) स्वच्छ करा, कनेक्टर तपासा, नवीन सीलंट लावून पूर्ण सुकू द्या. विमान सोडायची घाई असली तरी हे मधल्या वेळेत उरकायचं काम नाही, रात्रीच्या थांब्यासाठी ठेवा.

हे सगळं लवकर व्हावं असं वाटत असेल तर पायलट मंडळींना एकच विनंती : ‘गार्ड वीक’ एवढंच लिहू नका. कोणत्या सेटवर, किती उंचीवर, साधारण कुठे, दोन्ही सीटवर की एकाच, त्याच वेळी एक नंबर कसा होता, आणि पाऊस होता का. एवढं लिहिलं की कॉकपिटची पायरी चढण्याआधीच कळतं, हातात हेडसेट घेऊन जायचं की पाने-पकड.